धार

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मी तीस वर्षं जातोय. पान्हे, जुने व्हर्निअर, कुठल्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून निघालेले टॅप-डाय, असं काहीतरी तिथं हाताला लागतं आणि सोमवारी कामाला येतं. दोन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका रविवारी, एका बारदानावर दोन सबमर्सिबल पंप आणि एक शिलाई मशिन यांच्या मधोमध एक लांबट यंत्र आडवं पडलेलं दिसलं. वर इंजिन, मध्ये हातभर दांडा, खाली तीन पात्यांचा पंखा. "काका, पाण्याची मोटार आहे, विहिरीत सोडायची," विकणारा पोरगा म्हणाला. मी उकिडवा बसलो आणि पंख्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन होतं ते. आउटबोर्ड. अग्निशमन दलातले आणि फौजेतले लोक त्याला 'ओबीएम' म्हणतात. आठ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, जपानी बनावटीचं.

समुद्र आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. कुठल्या तरी कचेरीच्या गोदामाचा लिलाव झाला, त्यात भंगाराच्या ढिगाबरोबर हे आलं, एवढं तो पोरगा सांगू शकला. काट्यावर 27 किलो भरलं. अल्युमिनियमच्या भावानं पैसे दिले आणि रिक्षात पायांपाशी आडवं ठेवून घरी आणलं.

का आणलं, ते सांगायला हवं. आमचं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात आहे. 'होतं' असं मी म्हणत नाही, कारण एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की चावडीच्या जोत्याचे दगड अजून उघडे पडतात. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. माझा जन्म आणि माझ्या गावाचं उठणं, दोन्ही या दोन तारखांच्या मध्ये येतं. पाणी काही लोंढ्यानं आलं नाही. आधी नदीकाठच्या मळ्यांच्या सऱ्यांत आलं, मग पांदीत, मग वेशीपाशी येऊन थांबल्यासारखं झालं. भिंतींवरून मुंग्यांच्या रांगा वर चढायला लागल्या तेव्हा आजी म्हणाली, आता निघायला हवं. वडिलांनी घराचं दार चौकटीसकट काढून बैलगाडीत घातलं. ते दार आजही आमच्या नव्या गावच्या घराला आहे.

त्या दिवसांत पाण्यावरून एक बोट यायची. मागं इंजिन लावलेली. आवाज कानावर पडला की आम्ही पोरं टेकाडाकडं धावायचो. बोटीतला माणूस उभा राहायचा, दोरीला एक हिसका द्यायचा, आणि ती बोट नाक वर करून निघायची. मागं पांढरी रेघ. ज्या वाटेनं आम्ही शेळ्या घेऊन जायचो, त्याच वाटेवरून, पण पुरुषभर उंचीवरून. मी दहा वर्षांचा होतो. त्या बोटीत बसायला मिळालं नाही, आणि त्या दोरीला हात लावायलाही मिळाला नाही.

पुढं आयटीआय केलं. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसपास लहान कारखान्यांची रांग उभी राहिली, त्यातल्या एकात मेंटेनन्सला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. यंत्र बंद का पडतं, हे शोधण्यात आयुष्य गेलं. म्हणून त्या बारदानावरच्या इंजिनाचा पंखा पुसताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. पात्यांवरचा कंपनीचा काळा रंग जवळजवळ जसाच्या तसा होता. पाण्यात खूप चाललेल्या पंख्याच्या कडा झिजतात, रंग उडून पांढरं अल्युमिनियम दिसतं, एखादं पातं दगडाला लागून मुडपलेलं असतं. हा पंखा कोरा होता.

पहिली अडचण अशी की फ्लायव्हील हलेना. दोन्ही हातांनी धरून जोर लावला, जागचं ढळलं नाही. पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते. अशा वेळी हातोडा उचलण्याचा मोह होतो. उस्मानपुऱ्यात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. शहरात घरोघरी टू-स्ट्रोक स्कूटर होत्या त्या काळात त्यांच्या दारात सकाळपासून रांग असायची. आता त्या गाड्या गेल्या आणि रांगही गेली, पण टू-स्ट्रोकचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा कान त्यांच्याकडं आहे. मोटार त्यांच्या दुकानात नेऊन ठेवली. त्यांनी फ्लायव्हीलवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, "इसकू मारना नक्को. मनाना पडता."

मनवणं म्हणजे काय, तर दोन्ही प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि पातळ गिअर ऑइल निम्मं-निम्मं ओतायचं आणि थांबायचं. रोज संध्याकाळी थोडं आणखी ओतायचं, फ्लायव्हील डावीकडं-उजवीकडं हलवून बघायचं, जोर लावायचा नाही. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी ते धागाभर सरकलं. डोळ्यांना दिसलं नसतं, मनगटाला कळलं. मी लगेच हात काढून घेतला आणि त्या दिवशी पुन्हा लावला नाही. आणखी तीन दिवसांनी पूर्ण फेरा झाला.

हेड उघडताना सहा बोल्टांपैकी एक तुटला. अल्युमिनियमच्या अंगात पोलादाचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला की दोन धातूंच्या मध्ये पांढरी बुकी धरते आणि ती सिमेंटासारखी घट्ट होते. तुटलेल्या बोल्टाला बरोबर मध्यावर भोक पाडून, उलट्या आट्याच्या एक्स्ट्रॅक्टरनं तो काढायला एक अख्खा दिवस गेला. पण हेड निघालं, आणि आत जे दिसलं त्यासाठी तो दिवस गेला तरी चालेल. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा शाबूत होत्या. नवं सिलिंडर घासताना कारखान्यात एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतात, त्यांत तेल टिकतं. इंजिन चाललं की पिस्टनच्या रिंगा त्या रेघा हळूहळू पुसून टाकतात. इथं त्या नव्या वहीच्या पानावरच्या ओळींसारख्या स्पष्ट. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा पापुद्रा, तोही बोटानं निघण्याइतका.

हे इंजिन झिजलेलं नव्हतं. ते फार तर काही तास चाललं होतं. एखाद-दोन पावसाळे, एखादं प्रात्यक्षिक, आणि मग कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. भंगारात जाईपर्यंत त्याला कुणी दोरी मारली नव्हती. मी चाचांना त्या रेघा दाखवल्या. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

त्या क्षणापासून हे काम माझ्यासाठी बदललं. लहानपणीची हौस होती ती होतीच, पण आता एक तक्रारही होती, आणि ती यंत्राच्या वतीनं होती.

एकेक भाग उघडत गेलो तशी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून त्याची तपकिरी लाख झाली होती, जेट बुजलेला. शेवटच्या दिवशी कुणी पेट्रोलची नळी काढून आतलं पेट्रोल जळून संपू दिलं असतं, तर ही लाख झाली नसती. एका मिनिटाचं काम. जेट साफ करायला मी पोलादी सुई वापरत नाही, तिनं भोक मोठं होतं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून घेतो. रबराच्या नळ्या सगळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मऊ करून टाकतं, आणि ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळं टाकीत फार दिवस राहिलेलं पेट्रोल जास्त नासतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्या उसाचं, आणि आमच्या भागातला बराच ऊस जायकवाडीच्या कालव्यांवरचा. नळी बसवताना हे मनात आलं आणि मी तिथंच थांबलो. ज्या पाण्यावर ही मोटार चालायची, तेच पाणी फिरून तिच्या टाकीत आलं होतं.

फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो. बॅटरी नाही, काही नाही. दोरी ओढली की लोहचुंबक फिरतं आणि त्याच फेऱ्यात ठिणगी तयार होते. पुरात, अंधारात, सगळं ठप्प असताना हे यंत्र माणसाच्या दंडाच्या बळावर सुरू होतं, म्हणूनच ते गोदामात हवं असतं. प्लॅटिनम पॉइंट काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरनं घासून 0.35 मिलिमीटरची फट लावली. कंडेन्सर गेलेला होता. चाचांनी खोक्यातून एका जुन्या स्कूटरचा काढून दिला, तो चपखल बसला. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी. दुकानातला शिकाऊ पोरगा दचकून मागं सरला, आणि चाचा प्रसन्न हसले.

सगळ्यात मोठी शिकवण मात्र खालच्या भागात होती. गिअरमधलं तेल काकवीसारखं झालेलं, ते बदललं. त्याच्या वर पाण्याचा पंप असतो, त्यात सहा पाकळ्यांचं रबरी चक्र, इम्पेलर. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्यानं थंड होतं. हे पाण्यानं होतं. ज्या पाण्यात ते चालतं तेच पाणी इम्पेलर वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर सोडतो. या इम्पेलरच्या पाकळ्या ज्या बाजूला दुमडून बसल्या होत्या तशाच कायमच्या वाकड्या झाल्या होत्या. मी एक पाकळी सरळ केली, ती पुन्हा हळूहळू वळून तशीच झाली. हलवलंच नाही तर रबराला तोच आकार आपला वाटायला लागतो. नवा इम्पेलर रत्नागिरीहून मागवला. फोनवरच्या दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "खाऱ्या पाण्यातला आहे की गोड्या?" गोड्या म्हटल्यावर तो म्हणाला, "मग वाचेल. खाऱ्यातला असता तर सोडा म्हणालो असतो."

आमच्या पाण्याचा गोडवा असा पहिल्यांदाच कुणी मोजला.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिरानं मिलवॉकीत 1909 साली आउटबोर्ड विकायला सुरुवात केली. त्याच्याआधीही काहींनी असं इंजिन बनवलं होतं, पण घरोघर पोचवलं ते त्यानं आणि त्याच्या बायकोनं, बेसनं. धंद्याची बाजू तीच बघायची. त्याचं पहिलं यंत्र दीड हॉर्सपॉवरचं आणि वजनाला 28 किलो. माझं आठ हॉर्सपॉवरचं, वजन जवळजवळ तेवढंच. मधल्या काळात माणसानं काय केलं ते या एका तुलनेत येतं. एव्हिनरूडचं नाव लावलेल्या मोटारी 2020 साली बनायच्या थांबल्या. जगातल्या गरीब मच्छीमारांच्या होड्यांवर तोवर जपानी यंत्रं कधीच पोचलेली होती.

सुरू करून बघायचा दिवस ठरवताना घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. आउटबोर्ड कोरडं चालवता येत नाही. पाण्यावाचून काही सेकंद फिरलं तरी इम्पेलर घासून जळतो. त्यामुळं दोनशे लिटरचं पिंप भरून, त्यात खालचा भाग बुडवून, मग दोरी मारायची. आणि आमच्या भागात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. दोनशे लिटर म्हणजे आमच्या घरची दोन दिवसांची आंघोळ आणि भांडी. ते पाणी पुन्हा वापरता येत नाही, कारण टू-स्ट्रोकचा धूर पाण्याखालूनच बाहेर पडतो आणि पिंपात तेलाचा थर धरतो. हिनं दोन दिवस विचार केला. नळाच्या दिवशी पहाटे साडेचारला उठून तिनं स्वतःच पिंपात नळी सोडली आणि मला हाक मारली, "उठा, तुमचा समुद्र भरलाय."

सकाळी चाचा आले, शेजारची दोन पोरं आली, नात शाळेला दांडी मारून बसली. लाकडी चौकटीला मोटार आवळली. एका लिटरला वीस मिलिलिटर तेल या प्रमाणात पेट्रोल कालवलं, पहिल्या भरणीला थोडं जास्तच. नळीतला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला, चोक ओढला. पहिली ओढ, दुसरी, तिसरी. चौथीला ते खोकलं. चोक अर्धा आत केला. सहावीला सुरू झालं.

निळा धूर भपकन अंगणभर पसरला, पिंपातलं पाणी उसळून गुडघ्यांवर आलं, पोरं ओरडली. मला मात्र आनंद करायला वेळ नव्हता. माझे डोळे मोटारीच्या मागच्या बाजूला, एका लहानशा भोकावर होते. इंजिन थंड करून आलेल्या पाण्यातलं थोडं पाणी त्या भोकातून बारीक धारेनं बाहेर पडतं. धार दिसली म्हणजे पंप चालतोय, इंजिन जिवंत राहील. समुद्रावर दोरी मारल्यावर खलाशी आधी मागं वळून तीच बघतो. धार येत नव्हती. मी दहा मोजले आणि इंजिन बंद केलं.

पंप पुन्हा उघडायचा की काय, या विचारानं मी खाली बसलो. नवा इम्पेलर उलटा बसवला का? चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्या भोकाशी डोळा नेला आणि खिशातून तार काढली. तारेच्या टोकाला माती आली. लाल, वाळलेली, बारीक चाळलेली माती. कुंभारणीचं घर. ही माशी भिंतीच्या फटीत, कुलपाच्या भोकात, बंद पंपाच्या नळीत ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर बांधते, त्यात अंडं घालून तोंड लिंपून टाकते. गोदामात उभ्या असलेल्या या मोटारीत तिनं पिढी वाढवली होती. मी ती माती तळहातावर घेतली. जी मोटार पुरात माणसं काढायला आणली, तिच्या पाण्याच्या वाटेवर एका माशीनं निवांत घर बांधावं, इतकी ती स्थिर उभी होती.

तारेनं भोक मोकळं केलं, पुन्हा दोरी मारली. या वेळी दुसऱ्याच ओढीला सुरू झालं. आधी दोन-चार थेंब, मग गढूळ पाण्याची एक चिळकांडी, आणि मग करंगळीएवढी सलग धार. नातीनं तिच्याखाली हात धरला. "आजोबा, कोमट आहे." हो, कोमटच असायला हवी. आतली उष्णता घेऊन ती बाहेर येते. तिला मी पाणचक्कीची आठवण करून दिली. सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी खापरी नळांनी आणून आपल्या शहरानं जातं फिरवलं. तिथं पाणी पातं फिरवतं, इथं पातं पाण्याला ढकलतं. तिनं मान हलवली आणि हात पुन्हा धारेखाली धरला.

पंधरा मिनिटं चालवलं. शेवटी पेट्रोलची नळी काढली आणि आतलं सगळं जळून संपेपर्यंत वाट पाहिली. आवाज बारीक होत गेला आणि थांबला. पिंपात काळसर पाणी उरलं, वर इंद्रधनुष्याचे रंग. ते गटारात ओतायला जीव धजेना. दोन दिवस तसंच ठेवून वरचं तेल कापडानं टिपून काढलं.

त्या पिंपाकडं बघताना ठरलं की ही मोटार मी नाथसागरावर हौसेनं फिरवणार नाही. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा साधारण चौथा हिस्सा न जळताच बाहेर पडतो, आणि आउटबोर्डमध्ये बाहेर म्हणजे पाण्यात. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर अशा इंजिनांना 1999 पासून बंदी आहे. आमचा नाथसागर भरला म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा होतो, आणि सगळं शहर तेच पाणी पितं. 1986 पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उथळ कडेला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. दहा वर्षांच्या पोराची इच्छा मोठी होती, पण या सगळ्यापुढं मोठी नव्हती.

तरीही पाण्याच्या काठावर मोटार लागतेच, आणि लागते तेव्हा ती दुसऱ्या कशानं भागत नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि पैठण पाण्यात गेलं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वल्ह्याची होडी आणि इंजिनाची बोट यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्या ओढीत वल्हं चालत नाही. आणि पूर नसतानाही माणसं पाण्यावर असतातच. 2023 साली गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून बॅकवॉटर ओलांडून शाळेत जातात, हे सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. मी ती बातमी वाचली तेव्हा मोटार माझ्याकडं नव्हती. पण ती तेव्हाही कुठंतरी होती. कुठल्या तरी गोदामात, होनिंगच्या रेघा शाबूत ठेवून.

नाथसागराच्या काठच्या एका गावातल्या मच्छीमार सोसायटीला मी मोटार देऊन टाकली. त्यांच्याकडं फायबरची एक होडी आहे, बाकी सगळे पत्र्याच्या आणि थर्माकोलच्या चप्पूंवर जातात, वल्ह्यानंच. मासेमारीला ही वापरायची नाही, पुराला आणि अडल्यानडल्याला वापरायची, असं आमचं ठरलं. देताना मी त्यांना शिअर पिन दाखवली. पंख्याच्या दांड्यात आडवी घातलेली पितळेची बारीक खिळी. पंखा कशावर आदळला तर ही तुटते आणि आतले गिअर वाचतात. दहा पिना करून सोबत दिल्या. सोसायटीतले एक वयस्क दादा पिन हातात घेऊन म्हणाले, "आपल्या पाण्यात पंखा आदळणार कशावर? कुणाच्या तरी ओट्यावर, नाहीतर विहिरीच्या काठावर." मी काही बोललो नाही. धरणाला ज्या जायकवाडी गावाचं नाव मिळालं, ते तिकडं बीड जिल्ह्यात. ज्या गावांवर पाणी उभं आहे, त्यांची नावं या म्हाताऱ्यांच्या तोंडीच तेवढी राहिलीत. दादांना कुठला ओटा कुठं आहे ते पाठ आहे. भरल्या पाण्यावर होडी चालवताना ते अजून गल्ल्यांच्या हिशेबानं वळतात.

एकच अट घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवायची, धार बघायची, पेट्रोल जाळून संपवायचं आणि वहीत लिहायचं. वही मीच बांधून दिली. तारीख, कितव्या ओढीला सुरू झाली, धार आली का, सही. आतापर्यंत चौदा नोंदी झाल्या आहेत. मागच्या सहा नोंदींवर अकरावीतल्या एका मुलीची सही आहे. तिचे वडील मासे धरतात. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा तिनंच दोरी मारली. पाय रोवून, कमरेतून, एकदाच. इंजिन सुरू झालं आणि तिनं इकडं तिकडं न बघता आधी मागं वाकून धार बघितली. मग वहीत लिहिलं, 'पहिली ओढ. धार आहे.'

आपल्या तालुक्यातालुक्यात अशा बोटी आणि मोटारी आहेत. एखाद्या मोठ्या पुरानंतर घेतलेल्या, हार घालून फोटो काढलेल्या आणि मग कुलूप लागलेल्या. त्या कुणी चोरून नेल्या नाहीत, मोडल्या नाहीत. त्यांना फक्त कुणी सुरू केलेलं नाही. तुम्ही नदीकाठी राहत असाल तर एवढं करा. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, तुमच्या गावची किंवा तालुक्याची मोटार जिथं ठेवली असेल तिथं चार जण मिळून जा, आणि म्हणा, पिंपभर पाणी आम्ही आणलंय, ही सुरू करून धार दाखवा.